पाट्याच्या कोपऱ्यातली तीन टिंबं

आमच्या भोरच्या जुन्या बागेच्या फाटकाशी एक काळा दगड उभा केला आहे. त्याच्यावरचं अक्षर बघून येणारे-जाणारे थांबतात, मोबाईल काढून फोटो घेतात, आणि कुणीतरी विचारतंच, "काय सुरेख अक्षर आहे हो! कुणाचं?" मी आसपास असले तर लगेच भाजीचा नाहीतर एसटीचा विषय काढते. अक्षर माझं आहे. शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, गावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते माझ्या हातचे. पण दगडात ते अक्षर उतरवलं गोजराबाईनं. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी लागते. तरी सांगते. वर्षभर न सांगता बघितलं, पचत नाही.

गोजराबाई दगडाचं काम करणाऱ्या फिरत्या लोकांतली. काळी, काटक, साठीच्या पुढची. हनुवटीवर गोंदणाची तीन टिंबं. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, कधीकाळी हातोडीनं नेलेलं. डोळे नेहमी अर्धे मिटलेले असायचे, कारण छिन्नीखालून कपची कधी उडेल याचा नेम नाही. नव्या माणसाला वाटायचं, ही आपल्याकडे संशयानं बघतेय. तसं ती बघायचीही, पण ते डोळे मिटून नव्हे, चांगले उघडून.

"पाटा-जात्याला टाकीऽऽ" अशी तिची हाळी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही, नुसतं सरकतं. मग पोलादी छिन्नीनं त्याच्यावर बारीक बारीक खड्डे पाडायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. पहिल्यांदा ती आमच्या दारात आली तेव्हा मी आईनं दिलेला पाटा तिच्यापुढे ठेवला नि आत निघाले, दूध गॅसवर होतं.

"कुटं निगाला?" मागून आवाज आला. "बसा हितं समूर."

"मी कशाला? तुम्ही करा तुमचं काम."

"मालकीन समूर बसल्याबिगर टाकी न्हाई. वाटून दावा काय तरी."

मी बाई तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी मुकाट्यानं गॅस बंद करून आले आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा वाटून दाखवला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग पाट्यावर पाणी मारलं, बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावला नि म्हणाली, "तुमचा हात उजवीकडं जड हाय. डावीकडं पाटा झिजलाच न्हाई. आन मधी पार गुळगुळीत झालाय, शिकल्या मान्सावानी."

"म्हणजे काय?"

"वरनं लई ग्वाड लागतंय हाताला. वाटलं मातुर कायबी जात न्हाई."

मला हसू आलं. राग यायला हवा होता खरं तर, पण ती इतक्या सरळपणे बोलली की राग कुठं धरायचा तेच कळेना. दीड तास ती टाकी लावत होती नि मी समोर बसून तिच्या चौकश्यांना उत्तरं देत होते. शेवटी तिनं पाट्याच्या कोपऱ्यात तीन टिंबं पाडली, तिच्या हनुवटीवर होती तशीच. "ही हायती तवर ह्यो पाटा माजा," ती म्हणाली. "बिगाडला तर म्या येनार. तुमी बलवा नायतर नका बलवू."

गावात तिची टिंबं किती पाट्यांवर होती देव जाणे. तिकडे आंबवड्यापर्यंत आणि वर वेल्ह्याच्या गावांत ती पायी जायची. मिक्सरचा तिला भारी तिटकारा. "त्यो वाटत न्हाई वो, मसाल्याला भ्या घालतो," म्हणायची. आणि पाट्यावरून घर ओळखायची. कुठल्या घरातली सून रागानं वाटते, कुठल्या घरात आता एकाच माणसापुरतं वाटलं जातं, सगळं तिला दगड सांगायचा. पेठेतल्या एका बाईंना तिनं तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या पाट्याला सासू-सून दोगींचा हात लागलाय, पर येका वक्ताला कदी न्हाई." त्या बाईंनी महिनाभर हे सगळ्यांना सांगितलं, आधी चिडून नि मग हसून.

त्याच पेठेत एका डॉक्टरांच्या घरची गोष्ट. ती पाट्याला टाकी लावत असताना त्यांची चांदीची वाटी सापडेना. अर्ध्या कामातून तिला उठवलं, पिशवी झाडायला लावली, वाटेल ते बोलले. दोन दिवसांनी वाटी त्यांच्याच फ्रीजमध्ये निघाली, दह्याखाली. निरोप गेला, येऊन काम पुरं कर. लोकांना वाटलं, आता ही कसली जाते! पण गेली. बाईंना समोर बसवून राहिलेला अर्धा पाटा मन लावून केला, आणि मग कोपऱ्यातली आपली जुनी तीन टिंबं टाकीनं घासून काढून टाकली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "काम अर्दं टाकत न्हाई आमी. वळख मातुर ठिवली न्हाई." हा किस्सा मी जाईन तिथं सांगायचे. मला तो फार आवडायचा.

आता बागेचं. ही बाग संस्थानच्या वेळची. मधे दगडी कारंजं, बरीच वर्षं कोरडं. बँड वाजवायला एक चौथरा. बकुळीची मोठाली झाडं, एक चौकोनी विहीर आणि खाली नीरेकडे उतरणाऱ्या पायऱ्या. गोजराबाईचे लोक पूर्वी दिवाळीनंतर भोरला यायचे, बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत उतरायचे नि पावसाआधी निघून जायचे. टाळेबंदी लागली आणि ते इथंच अडकले. पुढची गावं येऊ देईनात, मागची परत घेईनात. कुणीतरी म्हणालं, बाग बंदच आहे, तिथं राहा चार दिवस. बकुळीखाली त्यांनी नऊ पालं ठोकली. त्या चार दिवसांत तिचा नवरा तापानं गेला. त्याला खाली नदीकाठी जाळला. टाळेबंदी उठली, पण मग ती उठेना. "माजा म्हातारा हितंच हाय," म्हणायची. "त्येला सोडून कुटं जाऊ? पायबी आता चालत न्हाईत पयल्यावानी."

बाग उघडली आणि आम्ही सकाळचे फिरणारे परत फिरायला लागलो. कारंज्याच्या कठड्यावर लुगडी वाळत घातलेली, चुलींचा धूर, कोंबड्या. आमच्या मंडळानं तक्रार-अर्ज केला. लपवत नाही, तो अर्ज माझ्याच अक्षरात होता. गोजराबाई तोवर माझ्या दारात कधी आली नव्हती. तिला बहुतेक अर्जाचं कळलं असावं, कारण एके सकाळी ती वाटेत उभी राहिली नि आम्हा सगळ्यांना हात करून थांबवलं.

"तुमी हितं प्वाट उतरवाया येता, आमी हितं प्वाट भराया," ती म्हणाली. "बाग मोटी हाय. दोगांनाबी पुरंल."

आमचे एक निवृत्त ओव्हरसियर खो खो हसले. मला मात्र लाज वाटली. पुढं पाट्याची ओळख झाल्यावर मी जाऊन तो अर्ज मागे घेतला, आणि मंडळातल्या दोघींनी माझ्याशी बोलणं सोडलं ते आजतागायत. त्याचं मला काही वाटत नाही. उलट त्या अर्जाच्या भानगडीनंतर मी स्वतःला गोजराबाईची माणूस समजायला लागले होते, आणि तिथंच घोळ झाला.

दोन वर्षांपूर्वी बाग सुशोभित करायची ठरली. समिती झाली. अध्यक्ष झाला अविनाश, माझा विद्यार्थी. निबंधात कायम पहिला यायचा. अजूनही रस्त्यात वाकून नमस्कार करतो. कंत्राटदार आला, त्यानं कारंज्याचा दगडी कठडा तोडून तिथं चकचकीत फरश्या बसवायचं काढलं. पहारी घेऊन माणसं आली तर गोजराबाई कठड्यावर मांडी घालून बसलेली.

"उठा मावशी," कंत्राटदार म्हणाला.

"ह्यो दगड मेलाय का?"

"काय?"

"मेलाय का इचारतीय. मेला नसंल तर मारता कशापायी?" आणि तिनं तिथल्या तिथं एका फुटक्या दगडाची किनार काढून, जोड घासून, असा बसवून दाखवला की सांधा कुठं होता तेच दिसेना. अविनाशला बोलावलं. तो चतुर. त्यानं फरश्या रद्द केल्या आणि बागेतलं सगळं दगडकाम गोजराबाईच्या लोकांना दिलं. कारंजं, विहिरीचा काठ, चौथरा, नदीच्या पायऱ्या. दिवाळीनंतर सुरुवात झाली. सगळी बाग दिवसभर टकटक वाजायची. म्हाताऱ्या-कोताऱ्या सगळ्या छिन्नी घेऊन बसलेल्या, आणि ही मधे फिरून हातानं चाचपून बघतेय, कुणाचं वेडंवाकडं असलं की आईबहिणीवरून उद्धार करतेय.

काम सुरू करायच्या दिवशी अविनाशनं चौथऱ्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "विहिरीपलीकडे, मागच्या अंगाला, तुमच्या नऊ घरांना जागा देऊ. पत्रे घालून देऊ. बाग तुम्हीच सांभाळा." मी तिथं होते. माझ्या कानांनी ऐकलं.

गोजराबाईनं विचारलं, "दगडावर काढून देता?"

"देऊ की!" अविनाश हसत म्हणाला.

तो हसला, ती हसली नव्हती. तिनं मला मग सगळं नीट सांगितलं. तिच्या बापाच्या वेळेला कुठल्याशा गावानं त्यांच्या लोकांना गायरानात उतरायला जागा दिली होती, आणि तसं दगडावर कोरून तो दगड तिथं रोवला होता. पाटील मेला, दुसरा आला, पण दगडाला कुणी हात लावला नाही. "कागुद भिजतो, मानूस मरतंय. दगडाला दोनीबी न्हाई," ती म्हणाली. "आन ज्येला जागा मिळती त्येनंच त्यो दगड कोरायचा, आसा आमचा रिवाज हाय. दुसऱ्याच्या हातनं काढला तर ती जागा दुसऱ्याची. खोटं मातुर दगडावर काढत न्हाईत. हात झडतो."

फेब्रुवारीत अविनाश घरी आला. फाटकाशी बागेच्या नावाचा दगड उभा करायचा होता. "मशीनवर कापलेली पाटी नको, बाई. तुमचं अक्षर नि गोजराबाईची टाकी. संस्थानी थाट वाटेल बघा." असं म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. मी हुरळून गेले. खोटं कशाला सांगू? खडूचं लिहिलेलं पस्तीस वर्षं रोज डस्टरनं पुसलं. आपलं अक्षर दगडावर राहणार म्हटल्यावर रात्री झोप लागली नाही.

मी बागेत पोचले तेव्हा पाषाण चौथऱ्यावर आडवा ठेवला होता. अविनाशनं मजकूर मोबाईलवर पाठवला. वर बागेचं नाव, संस्थानच्या काळातली बाग असल्याचं दोन ओळींत, आणि खाली लहान अक्षरात एक ओळ: "बागेत पाल ठोकणे, चूल मांडणे व मुक्काम करणे यास सक्त मनाई आहे."

मी जरा बाजूला जाऊन फोन लावला. "अरे, हे काय?"

"अहो बाई, ते सगळीकडे टाकावंच लागतं. बाहेरचे लोक येऊन बसतात ना. आपल्या लोकांचं मी बघतो की."

"मग विहिरीपलीकडची नऊ घरं सोडून, असं लिहू का?"

"बाई, दगडावर कंस कुठं घालता!" तो म्हणाला, आणि मेली मी हसले. "पाडव्याला उद्‌घाटन आहे, तोवर दगड व्हायला हवा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी दगडावर खडूनं लिहिलं. गुडघे टेकून, जिभेचं टोक दातांत धरून, एकेक वेलांटी जपून. गोजराबाई शेजारी बसून बघत होती. तिलाच काय, पालांतल्या कुणालाच अक्षरओळख नव्हती, पण तिला रेघ कळायची. "ह्ये गोल चांगलं आलं," "हितं हात थरथरला तुमचा," असं म्हणायची. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "आमाला जागा दिल्याचं लिवलंय नव्हं?"

त्या क्षणी मला चार वाक्यं बोलायची होती, एवढंच. लिहिलंय ते असं आहे, अविनाश असं म्हणतोय, तुम्ही त्याला विचारा, तोवर टाकी लावू नका. काय झालं असतं? तिनं हातोडी खाली ठेवली असती, दगड राहिला असता, पाडवा हुकला असता. माझं अक्षर पुन्हा पुसलं गेलं असतं. मी म्हणाले, "हो."

"कुटं? बोट ठिवा."

मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

तिनं कनवटीची पुडी सोडली आणि जिथं माझं बोट होतं तिथं हळदकुंकू वाहिलं. तिच्या माणसांनी हात जोडले. मीही जोडले, काय करणार!

वरचं नाव तिनं पुतण्याला कोरू दिलं. खालची ओळ कुणाला शिवू दिली नाही, एकटीनं कोरली. अविनाशनं सांगितलं होतं, हलकं कोरा, रंग भरणार आहोत. तिनं ऐकलं नाही. बोटाचं पेर आत बसेल इतकं खोल काढलं. त्या नादात माझ्या पाट्याचं राहून गेलं. होळीच्या आधी टाकी लावते म्हणाली होती. होळीला मी पुरण मिक्सरमधून काढलं नि तिला तसं बोलून दाखवलं. "याऊंदे पाडवा," ती म्हणाली. "दगड उबा ऱ्हायला का पयला तुमचा पाटा." ओळ पुरी झाली त्या दिवशी तिनं सगळ्यांना साखर वाटली. मला दोनदा दिली.

पाडव्याला उद्‌घाटन झालं. ती हिरवं नवं लुगडं नेसून आली होती. स्टेजवर तिला कुणी बोलावलं नाही, तिचं नावही घेतलं नाही. माझं घेतलं, शाल दिली. मी खाली येऊन तिला म्हटलं, "अहो, तुमचं नाव घ्यायला हवं होतं." तर ती म्हणाली, "आसूंदे वो. आमचा दगड हाय की दारात."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला गेले तर फाटकापाशी टेम्पो उभा. समितीनं नेमलेला एक मुकादम आणि सहा-सात मजूर. मुकादम पालांकडे हात करून ओरडत होता, "अकरा वाजेस्तोवर सगळं खाली करा."

गोजराबाई मुळीच चिडली नव्हती. ती त्याला समजावत होती, नव्या माणसाला वाट सांगावी तशी. "आरं बाबा, तू भायेरचा दिसतुयास. आमाला हितं जागा दिलीया. मागं, हिरीपल्याड. आविनास सायबांनी."

"कुणी सांगितलं? तो दगड बघ की. वाचता येत नाही?"

"न्हाई येत. पर त्यो दगड म्याच काढलाय. त्येच्यावरच लिवलंय."

मुकादम मोठ्यानं हसला. मजूर हसले. मग त्यानं ती ओळ वाचून दाखवली. तिचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि मी दिसले. तिचा चेहरा उजळला हो! ते मला विसरता येत नाही. तिला वाटलं, आली आपली माणूस.

"बाई, तुमी वाचा," ती म्हणाली. "मोट्यांदी वाचा. ह्येला आयकू द्या."

मी दगडापुढं उभी राहिले. शाळेत कुणी धडा न वाचता आला की मी त्याला वर्गापुढं उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे. मी वाचलं. पाल ठोकणे, चूल मांडणे व मुक्काम करणे यास सक्त मनाई आहे.

गोजराबाईनं खाली वाकून त्या ओळीवरनं हात फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. पेर आत बसत होतं. "व्हय," ती म्हणाली. एवढंच. मग वळली, आपल्या पालापाशी गेली आणि मजुरांचा हात लागायच्या आत स्वतः खुंट्या उपटायला लागली.

मी अविनाशला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. पाचव्यांदा उचलला. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, वरून फार दबाव होता. आणि मजकूर तर तुम्हीच लिहिलात ना? मला वाटलं, तुम्ही त्यांना सांगितलं असेल." मेल्याला निबंधात पहिला नंबर मीच द्यायचे. मी फोन ठेवला नि घरी येऊन ओट्याला टेकून रडले. रागानं रडले, त्याच्यावरच्या. पण तो राग फार वेळ त्याच्यावर टिकला नाही. त्यानं मला फसवलं हे खरं. पण मी फसले ती मला फसायचं होतं म्हणून. गोजराबाईला फसवताना मात्र मला सगळं वाचता येत होतं.

अकरा-साडेअकराला दार वाजलं. गोजराबाई. काखेत हत्यारांची पिशवी, अंगावर तेच हिरवं लुगडं, मातीनं भरलेलं.

"पाटा काढा," ती म्हणाली.

"गोजराबाई, अहो, आत्ता कशाला? माझं चुकलं हो. मी तुम्हाला..."

"पाटा काढा बाई. टेम्पो थांबलाय."

मी पाटा आणला. तिनं अंगणात मांडी घातली. मी उभीच होते, तर मान वर न करता म्हणाली, "बसा समूर." मी बसले. तिनं मला वाटून दाखवायला लावलं नाही. पाणी मारलं, पेरानं टकटक केलं, कान लावला आणि सुरुवात केली. एकसारखे, बारीक, ओळीनं खड्डे. डावीकडे थोडे विरळ, उजवीकडे दाट, माझ्या हाताच्या बेतानं. घाई अजिबात नाही. मी बोलत होते. अविनाश काय म्हणाला, मला काय वाटलं होतं, मी अर्ज करते, मी वर्तमानपत्रात लिहिते. माझ्या अक्षरात लिहिते म्हणाले, बघा! ती नुसती टाकी लावत होती. चहा केला, तो पायरीवर निवला.

पाटा पुरा झाला. तिनं हातानं भुकटी पुसली, तळवा फिरवून बघितला. मग तिनं पाटा अर्धा फिरवला नि कोपरा आपल्याकडं घेतला. मला कळलं. डॉक्टरांच्या घरचा तो किस्सा मी शंभर वेळा रंगवून सांगितला होता, मला नाही कळणार तर कुणाला?

मी तिचा हात धरला. "गोजराबाई, एवढं नका करू. पाया पडते तुमच्या. टिंबं राहू द्या."

तिनं माझा हात हळूच बाजूला केला. पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडून माझ्याकडं बघितलं. त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"खोटं दगडावर ठिवत न्हाईत बाई," ती म्हणाली.

तीन टिंबं घासून घालवायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कोपरा बाकीच्या पाट्यासारखा एकसारखा झाला. तिनं हत्यारं पिशवीत घातली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फाटक नीट लावून गेली. मी मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेले. टेम्पोत पालांचे बांबू, भांडी, कोंबड्यांची डालगी नि चुलींचे दगड भरलेले होते. पुतण्यानं तिला हाताला धरून वर घेतलं. कापूरहोळच्या रस्त्याला लागेपर्यंत टेम्पो दिसत होता. ती बांबूंना धरून उभी होती, तोंड पुढं करून.

पाटा आता फार छान झाला आहे. खोबरं दोन हातांत वाटलं जातं.